२४ व्होल्टच्या कॉइलमधून शेकडो व्होल्ट येतात कुठून? आणि ते अडवायला नेमकं काय लावायचं?

सोसायटीच्या लिफ्टचं बटण दाबलं की वरच्या मशीनरूममधून ‘खट्’ असा आवाज येतो. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबला तरी तोच आवाज. एमआयडीसीतल्या एखाद्या शेडमध्ये कंट्रोल पॅनलसमोर पाच मिनिटं उभे राहा, असे पन्नास ‘खट्’ ऐकू येतील. हा आवाज करणाऱ्या गड्याचं नाव कॉन्टॅक्टर.

कॉन्टॅक्टर म्हणजे चुंबकाने चालणारा मोठा स्विच. आत तारेची एक कॉइल असते. तिला वीज दिली की लोखंडी गाभ्याचं चुंबक होतं, ते समोरचा लोखंडी तुकडा खेचून घेतं आणि त्याच्यासोबत मोटारीचे जाडजूड कॉन्टॅक्ट जुळतात. मोटार सुरू. कॉइलची वीज काढली की स्प्रिंग सगळं मागे ढकलते. मोटार बंद. कॉइलला लागतो जेमतेम पाव अँपिअर करंट, पण त्याच्या जोरावर दहा, पन्नास, शंभर अँपिअरची मोटार हलते. म्हणून लिफ्टपासून साखर कारखान्यापर्यंत हा गडी सगळीकडे आहे.

सुरू होतानाचा ‘खट्’ तसा निरुपद्रवी. भानगड होते ती बंद होताना.

कॉइल एवढी का चिडते?

विहिरीवरून शेतात आलेल्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला की पाइप कसा हादरतो, ते शेतकऱ्याला सांगायला नको. पाइपातलं पाणी वेगात असतं, त्याला अचानक थांबवलं की ते धक्का देतं. कॉइलमधल्या करंटचं तसंच आहे. कॉइलने चुंबकीय क्षेत्राच्या रूपात थोडी ऊर्जा साठवलेली असते. स्विच उघडून करंटची वाट बंद केली की कॉइल म्हणते, मी तर वाहतच राहणार. आणि वाहत राहण्यासाठी लागेल तेवढा व्होल्टेज ती स्वतः तयार करते. अमेरिकन शास्त्रज्ञ जोसेफ हेन्रीने १८३२ साली हा गुण जगापुढे मांडला. इंडक्टन्स आज ‘हेन्री’मध्ये मोजतात ते त्याच्याच नावाने.

तुमच्या घरीही हा प्रकार होऊन गेलाय. जुन्या ट्यूबलाइटमध्ये चोक आणि स्टार्टर असायचा. स्टार्टर चमकून उघडला की चोकमधला करंट तुटायचा आणि चोक शेकडो व्होल्टचा झटका द्यायचा. त्या झटक्याने ट्यूब पेटायची. २३० व्होल्टच्या साध्या सप्लायवर ती एरवी पेटलीच नसती. म्हणजे तिथे हा झटका आपण मुद्दाम मागवत होतो. कंट्रोल पॅनलमध्ये मात्र तो न बोलावता येतो.

आता आकडे बघू. २४ व्होल्ट डीसीवर चालणारी, साधारण ५ वॅटची कॉइल घ्या. तिच्यातून ०.२ अँपिअरच्या आसपास करंट जातो. तिचं इंडक्टन्स ३ हेन्री धरलं तर साठलेली ऊर्जा एका ज्यूलच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते. म्हणजे फारच किरकोळ. पण ती बाहेर पडायला काही मार्ग ठेवला नाही तर व्होल्टेज चढत चढत शेकडो व्होल्टवर, कधी हजारापर्यंतही जातो. उघडणाऱ्या कॉन्टॅक्टच्या फटीतली हवा फुटते, ठिणगी पडते, विझते, व्होल्टेज पुन्हा चढतो, पुन्हा ठिणगी. डोळ्याला एकच ठिणगी दिसते, प्रत्यक्षात ती सरबत्ती असते. प्रत्येक ठिणगीसोबत अतिशय वेगवान स्पंदनं तारांमधून पळतात आणि शेजारच्या तारांमध्येही उडी मारतात. इलेक्ट्रॉनिक उपकरणं हा त्रास सोसतात की नाही, हे तपासायला आयईसी ६१०००-४-४ नावाची एक वेगळी आंतरराष्ट्रीय चाचणीच आहे. तिच्यातलं एकेक स्पंदन ५ नॅनोसेकंदांत चढतं. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग.

नुकसान काय होतं?

कॉइल चालवणारा पीएलसी ट्रान्झिस्टरचा असेल तर एखाद दिवशी त्याचा तो आउटपुट कायमचा मरतो. रिलेचा असेल तर रिलेचे बारके कॉन्टॅक्ट जळून काळे पडतात किंवा चिकटून बसतात. हे निदान दिसतं तरी. खरा वैताग न दिसणाऱ्या बिघाडांचा. स्क्रीन मध्येच गोठते. काउंटर एक नग जास्त मोजतो. सेन्सर काही नसताना सिग्नल देतो. दोन यंत्रांमधलं कम्युनिकेशन दिवसातून दोनदा तुटतं आणि आपोआप जुळतं.

त्यात एसी कॉइल असेल तर आणखी गंमत. एसीमधला करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. स्विच नेमका शून्याजवळ उघडला तर काहीच होत नाही, शिखरावर उघडला तर मोठा झटका. त्यामुळे बिघाड ‘कधीतरीच’ होतो. मेंटेनन्सवाला येईपर्यंत सगळं सुरळीत. मग संशय प्रोग्रामवर जातो, पीएलसी बदलला जातो, सप्लाय देणाऱ्याला फोन जातात. आणि या सगळ्यात कॉन्टॅक्टरच्या डोक्यावर एक एवढीशी डबी नाही, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

ती डबी म्हणजे सर्ज सप्रेसर. कॉइलच्या दोन टोकांना, म्हणजे ए१ आणि ए२ ला, समांतर जोडायची वस्तू. बंद करताना कॉइलची ऊर्जा तिच्यातून जिरते आणि व्होल्टेज आटोक्यात राहतो. चार मुख्य प्रकार मिळतात: डायोड, व्हॅरिस्टर, आरसी आणि दोन्ही दिशांनी चालणारा झेनर, ज्याला टीव्हीएस डायोडही म्हणतात.

मग सगळ्यात कमी व्होल्टेजवर रोखणारा घ्यायचा आणि मोकळं व्हायचं, असं कोणालाही वाटेल. इथेच गफलत होते.

डायोड: सगळ्यात सभ्य, आणि म्हणूनच सांभाळून

डायोड स्वस्त, टिकाऊ, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा. १एन४००७ हा नंबर सांगितला की दुकानदार मूठभर काढून देतो. डीसी कॉइलला तो उलटा जोडतात, म्हणजे पट्टा असलेली बाजू प्लसकडे. कॉइल चालू असताना तो गप्प असतो. स्विच उघडला की कॉइलचा करंट त्याच्यातून गोल फिरतो आणि व्होल्टेज एका व्होल्टच्याही पुढे जात नाही. ठिणगी नाही, कटकट नाही. पीएलसीच्या दृष्टीने यापेक्षा चांगलं काही नाही.

पण तो करंट फिरत राहतो, त्याचं काय? जोवर करंट आहे तोवर चुंबक आहे, आणि जोवर चुंबक आहे तोवर कॉन्टॅक्टर सुटत नाही. आपण बटण सोडलंय, पीएलसीवरचा दिवा विझलाय, पण मोटार अजून चालूच.

वरच्याच कॉइलचं ढोबळ गणित करून बघू. करंट १५ टक्क्यांवर आला की चुंबक सोडतं असं धरलं, तर डायोड लावल्यावर त्याला सुमारे ५० मिलिसेकंद लागतात. त्याच कॉइलला ४८ व्होल्टवर रोखणारा झेनर लावला तर जेमतेम ९. कारण सरळ आहे: करंट किती लवकर मरणार हे त्याला किती व्होल्टेजने विरोध होतो यावर ठरतं. व्होल्टेज जितका कमी ठेवाल तितका वेळ जास्त. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि सप्रेसर निवडण्याचा सगळा खेळ या एका सौद्याचा आहे.

कंपन्यांच्या कॅटलॉगमध्येही हे स्पष्ट छापलेलं असतं. श्नायडरच्या टेसिस डी मालिकेत काय किंवा सिमेन्सच्या सिरियसमध्ये काय, साधा डायोड लावल्यास कॉन्टॅक्टर सुटायला नेहमीच्या ६ ते १० पट वेळ लागतो असं दिलंय. एरवी १५-२० मिलिसेकंदांत सुटणारा कॉन्टॅक्टर मग शंभर-दीडशेपर्यंत रेंगाळतो.

शंभर मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. एवढ्याने काय बिघडतं? पॅनलमधला दिवा लावायचा असेल तर काहीच नाही. पण ही उदाहरणं बघा.

मोटार उलट-सुलट फिरवणारे दोन कॉन्टॅक्टर आहेत. प्रोग्राममध्ये एक बंद करून ५० मिलिसेकंदांनी दुसरा चालू करायचं लिहिलंय. पहिला डायोडमुळे अजून सुटलेलाच नाही आणि दुसरा बसायला निघाला. मधे यांत्रिक इंटरलॉक नसेल तर दोन फेज थेट एकमेकांना भिडतात. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्येही हीच गोष्ट, तिथल्या टायमरमधली मधली विश्रांतीही साधारण ५० मिलिसेकंदांचीच असते.

दुसरं उदाहरण पॉवर प्रेसचं. चाकण, भोसरीपासून वाळूजपर्यंत पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस दिवसरात्र चालतात. प्रेससमोर लाइट कर्टन असतो. प्रकाशाच्या या पडद्यात हात गेला की प्रेस थांबली पाहिजे. हा पडदा साच्यापासून किती लांब बसवायचा, हे आयएसओ १३८५५ या मानकानुसार मोजतात आणि त्यात जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. म्हणजे थांबण्याच्या वेळेत ०.१ सेकंदाची भर पडली तर पडदा २० सेंटीमीटर मागे सरकवायला हवा. आता समजा, मूळ मोजमाप झाल्यानंतर कोणीतरी चांगल्या हेतूने थांबवणाऱ्या कॉन्टॅक्टरला किंवा क्लचच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला डायोड लावला. (सोलेनॉइड व्हॉल्व्हची कॉइलही याच जातीची, तिला सगळे नियम तेच.) पडदा जागेवरच आहे. यंत्र रोज नीट चालतंय. फक्त बोटं आणि साचा यांच्यामधलं राखीव अंतर संपलंय, आणि ते कोणाला दिसत नाही.

तिसरं उदाहरण क्रेन आणि होइस्टचं. ब्रेकची कॉइल डीसी असते आणि ती वीज असताना ब्रेक उघडा ठेवते. वीज गेली की स्प्रिंगने ब्रेक लागतो. एसीवरून हा डीसी बनवणारा रेक्टिफायर ब्रेकजवळच बसवतात. एसीच्या बाजूने वीज तोडली तर कॉइलचा करंट त्याच रेक्टिफायरच्या डायोडांमधून फिरत राहतो, ब्रेक उशिरा लागतो आणि तोवर हुकाला टांगलेलं वजन खाली घसरतं. म्हणून होइस्टसाठी डीसीच्या बाजूने वीज तोडायची पद्धत आहे. तिथे झटका मोठा येतो, तो सांभाळायला व्हॅरिस्टर लावतात.

डायोडचं आणखी एक दुखणं फारसं कोणी बोलत नाही. चुंबक हळूहळू सैल होत गेलं की कॉन्टॅक्टही झटक्यात न उघडता रेंगाळत उघडतात. मोटारीचा करंट तोडताना त्यांच्यात जास्त वेळ आर्क राहतो. आणि चालू होताना कॉन्टॅक्ट कुठे किंचित चिकटले असतील तर ते तोडायला लागणारा जोराचा हिसका मिळत नाही. म्हणजे पीएलसीचा आउटपुट वाचवता वाचवता कॉन्टॅक्टरचं आयुष्य कमी होतं.

डायोड वाईट आहे असं नाही. पॅनलमधल्या बारक्या २४ व्होल्टच्या रिलेला, जिथे शंभर मिलिसेकंदांनी कोणाचं काही अडत नाही, तिथे खुशाल लावा. फक्त दोन गोष्टी जपा. उलट-सुलट जोडला तर तो सरळ शॉर्ट असतो, आउटपुट किंवा फ्यूज जाणार. आणि एसी कॉइलला तर चुकूनही नाही, कारण एसीच्या प्रत्येक चक्राच्या एका अर्ध्या भागात तो शॉर्टच असतो.

व्हॅरिस्टर आणि टीव्हीएस: मधला मार्ग

व्हॅरिस्टर म्हणजे झिंक ऑक्साइडची छोटी चकती. ठरावीक व्होल्टेजपर्यंत ती जवळपास काहीच वाहू देत नाही, त्यापुढे दार उघडते. तिला प्लस-मायनस नाही, त्यामुळे एसी आणि डीसी दोन्हींना चालते. झटका कॉइलच्या व्होल्टेजच्या साधारण दुपटीवर रोखला जातो आणि कॉन्टॅक्टर सुटायला लागणारा वेळ फक्त दीडपटीपर्यंत वाढतो. सौदा बरा आहे. ज्या पॅनलमध्ये वेळही महत्त्वाचा आणि एसी-डीसी दोन्ही कॉइल आहेत, तिथे मी तरी सुरुवात इथूनच करेन.

उणिवा दोन. एक म्हणजे व्हॅरिस्टर झिजतो. प्रत्येक मोठ्या झटक्यासोबत थोडा थोडा थकतो. मिनिटाला कित्येकदा चालू-बंद होणाऱ्या कॉन्टॅक्टरवर त्याच्याकडून जन्मभराची अपेक्षा ठेवू नये. दुसरी म्हणजे तो व्होल्टेजचं शिखर कापतो, पण तिथपर्यंतची चढण तशीच उभी राहते. त्यामुळे शेजारच्या संवेदनशील तारांना होणारा त्रास पूर्ण जात नाही.

टीव्हीएस डायोड किंवा दुहेरी झेनर हेच काम जास्त नेमकेपणाने करतो. व्होल्टेज काटेकोर रोखतो, वेळ फार वाढवत नाही, आणि त्याच्या मर्यादेत वापरला तर व्हॅरिस्टरसारखा हळूहळू झिजत नाही. २४ व्होल्ट डीसीच्या सुरक्षेशी संबंधित कॉन्टॅक्टरला हा उत्तम. डायोड आणि झेनर एकत्र असलेली डबीही मिळते, तिने वेळ २ ते ६ पट वाढतो, म्हणजे साध्या डायोडपेक्षा बरा.

आरसी: जुन्या बुलेटचा कंडेन्सर

ज्यांनी पॉइंटवाली बुलेट चालवली आहे त्यांना कंडेन्सर माहीत असेल. तो गेला की पॉइंट जळायचे आणि गाडी किक मारून मारून दमवायची. उघडणाऱ्या पॉइंटवरची ठिणगी गिळायचं काम तो करायचा. आरसी सप्रेसर हा त्याचाच भाऊ: एक कपॅसिटर आणि त्याच्यासोबत ओळीने एक रेझिस्टर. २३० व्होल्टच्या कॉइलसाठी ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहम ही नेहमी दिसणारी जोडी.

आरसीची खासियत म्हणजे तो चढणच कमी करतो. व्होल्टेज कॉइलच्या तिप्पटपर्यंत जाऊ शकतो, पण सावकाश जातो, आणि ती नॅनोसेकंदांची सरबत्ती थंडावते. एसी कॉइलशेजारी एन्कोडर, लोडसेल, कम्युनिकेशनच्या तारा असतील तर आरसीला पर्याय कमी. मात्र सप्लाय स्वच्छ साइन वेव्ह हवा. चौकोनी लाटेच्या स्वस्त इन्व्हर्टरवर किंवा ड्राइव्हमुळे गढूळ झालेल्या सप्लायवर कपॅसिटर जास्त करंट ओढतो आणि रेझिस्टर तापतो.

आणखी एक. आरसी कॉइलला लावायचा, स्विचच्या कॉन्टॅक्टला नाही. कॉन्टॅक्टला लावला तर कॉन्टॅक्ट उघडा असतानाही त्याच्यातून करंट झिरपतो. ०.१ मायक्रोफॅरड, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ हे गणित केलं तर ७ मिलिअँपिअर येतात. मोठ्या कॉन्टॅक्टरला त्याचं काही वाटत नाही, पण नाजूक रिले तेवढ्यावर धरून राहतो. बटण बंद, वायर निघालेली नाही, तरी रिले सुटत नाही, हा ‘भुताटकी’चा प्रकार बऱ्याचदा इथून निघतो. पीएलसीच्या ट्रायॅक आउटपुटमध्येही असा आरसी आतच असू शकतो.

डबीवरचा आकडा वाचा

प्रकार बरोबर निवडूनही घोळ होतो तो व्होल्टेजचा. सप्रेसरवर २४ ते ४८ व्होल्ट, १२७ ते २४० व्होल्ट असे पल्ले छापलेले असतात. २४ व्होल्टवाला २३० च्या कॉइलला लावला तर तो लगेच जळतो, धूर येतो, चूक कळते. उलट केलं तर काहीच कळत नाही, आणि तेच वाईट. २३० व्होल्ट एसीसाठी नेहमी वापरला जाणारा २७५ व्होल्टचा व्हॅरिस्टर सुमारे ४३० व्होल्टला जागा होतो. तो २४ व्होल्टच्या कॉइलला लावला तर चारशे व्होल्टचा झटका त्याच्या डोळ्यांदेखत पीएलसीकडे जातो. डबी बसलेली दिसते, तपासणीत खूण होते, आणि संरक्षण शून्य.

जागाही महत्त्वाची. डबी कॉन्टॅक्टरवरच, ए१-ए२ ला चिकटून हवी. पीएलसीकडच्या टर्मिनलवर लावली तर मधली पाच मीटर तार अँटेना होऊन बसते. म्हणूनच कंपन्या प्रत्येक मालिकेसाठी खटकन बसणाऱ्या डब्या विकतात. आणि विकत घेण्याआधी कॉन्टॅक्टरचं कॅटलॉग उघडा. एबीबीच्या एएफ मालिकेसारख्या इलेक्ट्रॉनिक कॉइलच्या कॉन्टॅक्टरमध्ये सप्रेसर आतच असतो. इतरही बऱ्याच नव्या डीसी कॉइलमध्ये तो असतो. तिथे वरून डायोड लावला तर आतल्या टीव्हीएसने वाचवलेला वेळ डायोड परत घालवतो, कारण कॉइलचा करंट नेहमी कमी व्होल्टेजचाच रस्ता धरतो.

जुन्या पॅनलवर काम करत असाल तर पीएलसीचा दिवा विझल्यापासून कॉन्टॅक्टर सुटेपर्यंतचा वेळ ऑसिलोस्कोपवर आधी टिपून ठेवा. नवी डबी बसवल्यावर पुन्हा टिपा. प्रेस, होइस्ट किंवा लाइट कर्टनच्या सर्किटमध्ये हात घातला असेल तर यंत्र थांबायला लागणारा पूर्ण वेळही नव्याने मोजायचा, आणि तो आकडा पॅनलच्या दाराच्या आतल्या ड्रॉइंगवर तारखेसह लिहायचा. पुढच्या वेळी डबी बदलणारा माणूस बहुधा दुसराच असेल.